फेदर डस्टर वर्म: टँकमध्ये कुठे ठेवायचा, काय खायला घालायचं आणि कधी हात लावायचा नाही

फेदर डस्टर वर्म, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये पाळायचा, नळीत राहणारा आणि वर पिसारा उघडणारा समुद्री किडा, आणला की पहिले दोन-तीन महिने सगळं मस्त चालू असतं, पिसारा फुललेला, सावली पडली की झटकन आत, घरी येणारा प्रत्येक माणूस टँकसमोर थांबून बघतोच. आणि मग एक दिवस नळी रिकामी. लोक म्हणतात अचानक मेला हो, काल तर छान होता. खरं तर बहुतेक वेळा अचानक काही झालेलं नसतं, तो इतके दिवस उपाशी होता आणि अंगातला साठा संपेपर्यंत तग धरून होता एवढंच. त्यामुळे जागा, फ्लो (पाण्याचा प्रवाह), सोबतचे मासे हे सगळं सांगणारच आहे, पण मुळात हा प्राणी पोसायचा प्राणी आहे, शोभेची वस्तू नाही, हे धरूनच पुढचं वाचा.

आधी तो खातो कसा ते थोडक्यात, कारण पुढचा प्रत्येक निर्णय त्याच्यावरच अवलंबून आहे. वरती दिसतो तो पिसारा म्हणजे त्याचं जेवणाचं साधन पण आणि श्वास घ्यायचं पण. प्रत्येक पिसावर बारीक हलणारे केस असतात, ते पाणी आत ओढतात आणि पाण्यातले कण चिकट स्रावात अडकवून मधल्या खाचेतून तोंडाकडे सरकवत नेतात. वाटेत कणांची निवड होते, अगदी बारीक ते पोटात, मधल्या आकाराचे बऱ्याच जातींमध्ये नळी बांधायला, मोठे ते बाहेर फेकून. म्हणजे तुम्ही टँकमध्ये टाकलेले पेलेट किंवा ब्राइन श्रिम्प त्याच्या काहीच कामाचे नाहीत, तो ते गिळूच शकत नाही.

कोणता घ्यायचा

दुकानात साधारण तीन-चार प्रकार दिसतात. सगळ्यात कॉमन म्हणजे मऊ, चामड्यासारख्या नळीतला मोठा वर्म, जो हवाईयन फेदर डस्टर नावाने विकला जातो, शास्त्रीय नाव सॅबेलास्टार्टे, तपकिरी-पांढरे पट्टे असलेला पिसारा. हे सॅबेलिड कुळातले, स्वतःच्या स्रावात वाळू-चिखल कालवून नळी बनवतात. पहिल्यांदाच घेताय तर हाच घ्या. दुसरा कोको वर्म, म्हणजे प्रोटुला, लालभडक किंवा केशरी दुहेरी पिसारा आणि पांढरी टणक नळी. हा सर्पुलिड कुळातला, नळी कॅल्शियम कार्बोनेटची, त्यामुळे याला कॅल्शियम आणि अल्कलिनिटी (पाण्यातला कार्बोनेटचा साठा) नीट लागते, शिवाय भूक जास्त सहन होत नाही. दिसायला जबरदस्त, पण पहिला म्हणून नको.

तिसरा ख्रिसमस ट्री वर्म. हा जिवंत कोरलच्या (प्रवाळाच्या) दगडातच नळी करून राहतो, बहुतेक वेळा पोराइट्स नावाच्या कोरलमध्ये, त्यामुळे तुम्ही वर्म नाही तर एक नाजूक कोरल विकत घेताय असं समजा, त्याला लाइट पण लागणार आणि स्थिर पाणी पण. आणि चौथे म्हणजे लाइव्ह रॉकबरोबर (जीव वसलेल्या समुद्री दगडाबरोबर) फुकट येणारे पिटुकले, काही झुपक्याने वाढतात, काही काचेवर पांढऱ्या गोल चकलीसारखे बारीक ठिपके करतात. ते निरुपद्रवी आहेत, खरवडून काढायची काही गरज नाही. उलट ते आपोआप वाढत असतील तर तुमच्या पाण्यात बारीक अन्न फिरतंय असा अर्थ निघतो, आणि मोठा वर्म आणायचा की नाही हे ठरवायला याच्याइतकी चांगली खूण दुसरी नाही.

टँक तयार आहे का

सायकल संपली, म्हणजे अमोनिया-नायट्राइट संपवणारे जिवाणू टँकमध्ये तयार झाले, की टँक तयार झाला असं या बाबतीत नाही. सहा महिने तरी चाललेला टँक हवा, ज्यात वाळूत, दगडांत बारीक जीवसृष्टी तयार झालीय. अमोनिया आणि नायट्राइट शून्य, तापमान २४ ते २६ अंश, सॅलिनिटी (खारेपणा) ३५ पीपीटी, हजारात ३५ भाग, म्हणजे स्पेसिफिक ग्रॅव्हिटी साधारण १.०२५ ते १.०२६, पीएच ८.१ ते ८.४. नायट्रेट अगदी शून्य असलंच पाहिजे असं नाही, १० पीपीएमच्या आसपास असेल तर वर्म तक्रार करत नाही. कोको वर्म असेल तर कॅल्शियम ४०० ते ४५० पीपीएम, अल्कलिनिटी ८ ते ११ डीकेएच (टेस्ट किटवरचं तिचं एकक), आणि मॅग्नेशियम १३०० च्या आसपास धरा.

आकड्यांपेक्षा चढउतार जास्त त्रास देतात. दिवसभर पाणी उडून जातं आणि मग संध्याकाळी एकदम बादलीभर गोडं पाणी ओतलं की सॅलिनिटी वर-खाली होते, मासे सहन करतात, वर्म पिसारा टाकतो. ऑटो टॉप-ऑफ (उडालेलं पाणी आपोआप भरणारं यंत्र) लावा किंवा थोडं थोडं आरओडीआय, म्हणजे क्षार काढलेलं शुद्ध पाणी घाला.

तांबं हा पक्का नकार. टँकमध्ये कधीही कॉपरचं औषध वापरलं असेल तर दगड आणि सिलिकॉन ते शोषून ठेवतात, नंतर हळूहळू सोडत राहतात. टेस्ट करून शून्य येत असेल तरच पुढे जा. तसंच फेनबेंडाझोलसारखी जंतावरची औषधं, ती तर मुळात किडेच मारायला बनवलेली आहेत, आपला वर्म त्यातून वगळला जाईल अशी आशा ठेवू नका. माशांना औषध द्यायचं तर मासे वेगळ्या टँकमध्ये न्या.

आणि स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र), फिल्टर सॉक (गाळणीची पिशवी), यूव्ही दिवा, ओझोन सगळं चोवीस तास चालू ठेवून पाणी काचेसारखं करायची हौस असेल तर प्रामाणिकपणे सांगतो, हा प्राणी तुमच्यासाठी नाही. अशा पाण्यात त्याला खायलाच काही उरत नाही.

विकत घेताना

पिसारा बाहेर असतानाच बघा. पिसं भरगच्च आणि सगळीकडे सारखी हवीत, एका बाजूला तुटलेली नकोत. मग काचेसमोरून हात फिरवा, नुसती सावली पडली तरी त्याने आत जायला हवं, कारण पिसांवर प्रकाश ओळखणारे डोळ्यांसारखे ठिपके असतात. आरामात, सावकाश आत जात असेल तर सोडून द्या. मात्र दुकानात दिवसभर लोक हात हलवत असतील तर तो सावलीला सरावलेला पण असू शकतो, तेव्हा दुकानदाराला नळीला हलकासा धक्का द्यायला सांगा.

नळी फाटलेली, मध्येच चेपलेली नको. खालचं टोक थोडं लोंबकळतं मऊ असणं नॉर्मल आहे, पण तिथून वर्मचं अंग बाहेर आलेलं दिसलं तर नको. नळी कशाला चिकटलेली असेल तर ती ओढून काढू देऊ नका, ज्या दगडाला चिकटलीय त्याचा तुकडाच घ्या, ओढाताणीत वर्मच्या शेपटाकडचा भाग फाटतो आणि ते घरी आल्यावर आठवड्याने कळतं. नळीवर ऐप्टेशिया हा डंख मारणारा, भराभर पसरणारा ॲनिमोनी बसलाय का तेही तिथेच बघून घ्या.

घरी आणल्यावर

पिशवी बंद ठेवूनच टँकच्या पाण्यात १५-२० मिनिटं तरंगत ठेवा, तापमान जुळलं की वर्म पिशवीतल्या पाण्यासकट भांड्यात घ्या आणि हवेच्या बारीक (एअरलाइन) पाइपला गाठ मारून टँकच्या पाण्याची ड्रिप सुरू करा, सेकंदाला दोन-तीन थेंब. पाणी दुप्पट झालं की निम्मं फेकून परत दुप्पट होऊ द्या. एकूण पाऊण तास ते एक तास पुरे. लांबच्या प्रवासातून आलेली पिशवी असेल तर दोन-तीन तास ड्रिप लावून ठेवणं उलट घातक, कारण पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड निघून जातो, पीएच चढतो आणि त्यात साठलेला अमोनिया जास्त विषारी होतो.

वर्मला शक्यतो हवेत बाहेर काढू नका. भांडंच टँकमध्ये बुडवा आणि पाण्याखालीच नळी हातात घ्या. पिशवीतलं पाणी टँकमध्ये जितकं कमी जाईल तितकं बरं. हवेत आलाच तर पाण्याखाली नळी हलकेच तिरकी धरून तोंडाशी अडकलेले बुडबुडे निघून जाऊ द्या. गोड्या पाण्यात डिप, आयोडीन डिप वगैरे कोरलवाले प्रयोग इथे करू नका.

जागा

इथे घाई करू नका, कारण एकदा बसवला की परत हलवायचा नाही हाच हेतू आहे.

मऊ नळीवाल्यासाठी सगळ्यात सोपी जागा म्हणजे वाळू, निदान ५ ते ७ सेंटीमीटर खोल. बोटाने तिरका चर करा, नळी त्यात आडवी-तिरकी ठेवा, खालचा दोन तृतीयांश भाग वाळूने हलका झाका आणि तोंड वाळूच्या वर ४-५ सेंटीमीटर मोकळं ठेवा. खुंटीसारखी सरळ दाबून खुपसू नका, खालचं टोक मऊ असतं, ते दुमडलं की वर्मला मागे सरकायला जागा राहत नाही. झाकल्यावर वाळूवर दोन छोटे दगड ठेवले तर नळी उपटत नाही.

दुसरी जागा दगडातली फट. नळी फटीत सैल बसली पाहिजे, घट्ट कोंबायची नाही, कारण नळी चेपली तर आत वर्म पण चेपतो. काही दिवसांत तो स्वतःच स्राव सोडून दगडाला चिकटतो. तोपर्यंत हलू नये म्हणून सायनोॲक्रिलेट जेल ग्लूचा एक ठिपका नळीच्या खालच्या भागाला बाहेरून लावून दगडाच्या कपचीला चिकटवता येतो, तोंडापासून लांब, आणि नळीभोवती गोल तर अजिबात नको. ज्यांना ग्लू नको वाटतो त्यांनी पीव्हीसी पाइपचा छोटा तुकडा वाळूत रोवून त्यात नळी सोडावी, दिसायला विशेष नाही पण वाळूखाली गेल्यावर कोण बघतंय. कोको वर्मची नळी टणक असते, ती दगडावर रीफ इपॉक्सीने बसवली तरी चालते, फक्त तोंड वर आणि मोकळ्या पाण्याकडे.

आता फ्लो. मध्यम, तोही अप्रत्यक्ष. पिसारा मंद डुलत राहिला पाहिजे. एका बाजूला दुमडून पडत असेल किंवा नळीच झोके खात असेल तर फ्लो जास्त, वर्म अर्धाच उघडेल. पिसांवर कचरा साचून राहत असेल तर कमी. वेव्हमेकरच्या (टँकमधलं पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या) थेट झोतात कधीच नको, आणि दगडामागच्या निवांत कोपऱ्यात पण नको, तिथे अन्न पोचतच नाही. माझ्या मते लोक हीच चूक जास्त करतात, जोरदार फ्लोच्या भीतीने त्याला शांत कोपऱ्यात नेऊन बसवतात, आणि शांत कोपरा म्हणजे उपासमार.

लाइटचा प्रश्नच नाही, त्याला प्रकाशावर जगायचं नसतं. सावलीत ठेवलं तर नळीवर शेवाळ कमी येतं इतकाच फायदा.

पिसारा पूर्ण उघडल्यावर चारी बाजूंना ३-४ सेंटीमीटर मोकळी जागा राहील असं बघा, धारदार दगडावर घासला तर तो अर्धाच उघडायला लागतो. डंख मारणाऱ्या कोरलपासून मात्र याहून बरंच लांब. हॅमर, टॉर्च, फ्रॉगस्पॉन, गॅलेक्सिया यांचे काही लांब धागे रात्री बाहेर येतात, दिवसा सुरक्षित वाटणारं अंतर रात्री पुरत नाही, १५ सेंटीमीटरच्या आत तर नकोच. ॲनिमोनी फिरतो, म्हणून तो टँकमध्ये असेल तर दोनदा विचार करा.

बसवल्यावर तो एक दिवस किंवा चार-पाच दिवस पण बंद राहू शकतो. दर तासाला जाऊन टकटक करू नका. प्रत्येक टकटकीला तो आत जातो आणि तेवढा वेळ त्याचं जेवण बंद.

सोबत कोण चालेल

बटरफ्लायफिश नको, त्यातल्या त्यात कॉपरबँड तर असे वर्म खाण्यासाठीच प्रसिद्ध. मोठे एंजल, पफर, ट्रिगर नको. रॅसमध्ये हॅलिकोरेस जातीचे आणि सिक्सलाइन बेभरवशाचे, एखादा वर्षभर बघणार पण नाही आणि एखादा पहिल्याच दिवशी पिसं तोडणार. ॲरो क्रॅब, कोरल बँडेड श्रिम्प, कॅमल श्रिम्प, मोठे हर्मिट खेकडे हेही रात्री उपद्रव करतात. पिसारा रोज सकाळी कुरतडलेला दिसतोय आणि दिवसा कोणी काही करताना सापडत नाही तर टँकचा लाइट बंद झाल्यावर दोन तासांनी लाल टॉर्च घेऊन बघा, चोर सहसा तेव्हाच भेटतो.

खाणारा नसूनही त्रास देणारे वेगळे. वाळू चाळणारे गोबी अख्ख्या नळीवर वाळूचा ढीग करतात. क्लाउनफिश ॲनिमोनी नसला की कधीकधी फेदर डस्टरलाच घर मानतो आणि दिवसभर त्यात अंग घासत बसतो, फोटोला छान पण वर्म बिचारा उघडायलाच मागत नाही. फायरफिश, कार्डिनल, क्रोमिस, साधे गोगलगाय यांच्याकडून काही भीती नाही.

खायला घालणं

मुख्य अन्न फायटोप्लँक्टन, म्हणजे पाण्यात तरंगणारं सूक्ष्म शेवाळ. जिवंत मिळालं तर उत्तम, नाहीतर फ्रीजमधलं बाटलीबंद. नॅनोक्लोरोप्सिस फार बारीक असतं, साधारण २ मायक्रॉन, आयसोक्रायसिस ४-६ च्या आसपास, टेट्रासेल्मिस १० च्या जवळपास. एकाच प्रकारावर राहू नका, मिश्रण द्या. सोबत बारीक पावडर स्वरूपातलं कोरल फूड टँकच्या पाण्यात नीट घोळून दिलं तरी घेतात. बाटली रोज एकदा हलवायची, नाहीतर तळाला बसून सडते, आणि कुजका वास आला तर गटारात ओता, टँकमध्ये नाही.

पद्धत अशी. रिटर्न पंप (फिल्टरमधून पाणी परत टँकमध्ये आणणारा) आणि स्किमर अर्धा ते एक तास बंद, यूव्ही बंद, फिल्टर सॉक काढा, वेव्हमेकर हळू चालू राहू द्या. पिपेटने अन्न वर्मच्या ८-१० सेंटीमीटर आधी, फ्लो ज्या दिशेने येतो तिकडे सोडा, म्हणजे हिरवा ढग तरंगत त्याच्यावरून जाईल. थेट पिसाऱ्यावर पिचकारी मारली की तो आत जातो आणि सगळं वाया. नीट दिलं तर पिसं किंचित हलताना दिसतात, आणि काही वेळाने न लागणारे कण गोळी करून बाहेर सोडतो, ते दिसलं की समजा चालू आहे. नंतर पंप चालू करायला विसरू नका, फोनवर टायमर लावा.

आठवड्यातून तीनदा म्हणजे किमान, रोज थोडं थोडं दिलं तर जास्त चांगलं. एकदम भरपूर ओतण्यापेक्षा रोजचं थोडं कधीही बरं, कारण समुद्रात त्याला सतत खायला मिळतं, आठवड्यातून एकदा मेजवानी नाही. बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणाच्या निम्म्याने सुरू करा, दर आठवड्याला नायट्रेट-फॉस्फेट तपासा, चढत नसेल तर वाढवा. ज्यांच्याकडे रेफ्यूजियम (बारीक जीव आणि शेवाळ वाढवायचा जोडटँक) आहे आणि मासे भरपूर खातात-घाण करतात, त्यांचा वर्म बऱ्याचदा कमी फायटोवर पण तगतो.

पोट भरतंय की नाही हे बघायला महिन्यातून एकदा, त्याच जागेवरून आणि शेजारच्या त्याच दगडाच्या मापाने पिसाऱ्याचा फोटो काढा. पिसारा तेवढाच किंवा मोठा होत असेल, नळीच्या तोंडाशी नवीन फिकट कडा वाढत असेल तर ठीक. पिसारा हळूहळू लहान, विरळ होत चाललाय आणि नळी थांबलीय म्हणजे तो स्वतःचं अंग खाऊन जगतोय, लगेच अन्न वाढवा. रोज बघणाऱ्याला हा फरक डोळ्यांनी कळत नाही, फोटोतच कळतो.

पिसारा गळून पडला तर

पहिल्यांदा बघणारा घाबरतोच, अख्खा पिसारा तुटून वाळूवर पडलेला आणि नळी गपगार. हा त्याचा बचाव आहे, ताण आला किंवा कोणी ओढलं की तो पिसारा सोडून देतो. नळी काढून फेकू नका. तुटलेला पिसारा तेवढा उचला म्हणजे पाणी बिघडणार नाही, आणि वाट बघा. दोन-तीन आठवड्यांत नवा, छोटा पिसारा दिसायला लागतो, कधी जास्त वेळ पण लागतो. या काळात त्याला खाताच येत नाही, त्यामुळे त्याच्यासाठी जास्तीचं अन्न ओतण्यात अर्थ नाही, फक्त पाणी स्थिर ठेवा. नवा पिसारा दिसला की मग बारीक अन्न, थोडं थोडं, रोज.

एकदा टाकला तर कारण शोधून सोडून द्या, नवीन आणलेल्याने पहिल्या आठवड्यात टाकणं तसं कॉमनच आहे. पण परत परत टाकतोय आणि दर वेळी नवा आधीपेक्षा लहान येतोय तर काहीतरी कायमचं चुकतंय. सॅलिनिटी मोजायचं रिफ्रॅक्टोमीटर ३५ पीपीटीच्या द्रावणाने कॅलिब्रेट करून परत मोजा, शेजारचं कोरल बघा, रात्रीचा चोर बघा, आणि यातलं काहीच नसेल तर भूक.

अख्खा वर्म नळीतून बाहेर आला तर तो पण मेलाच असं नाही. सॅबेलिड नवीन नळी बांधू शकतो. त्याला चमच्याने अलगद उचलून, पाण्याबाहेर न काढता, पीव्हीसीच्या तुकड्यात किंवा जाळीच्या ब्रीडर बॉक्समध्ये थोडी बारीक वाळू घालून ठेवा, म्हणजे हर्मिट आणि मासे त्याचा चट्टामट्टा करणार नाहीत. कोको वर्म टणक नळीतून बाहेर पडला तर मात्र सहसा वाचत नाही.

मेलाय की नाही याची खात्री वासाने होते. तोंडाशी तपकिरी घाण, नळी पिळपिळीत, नसारियस गोगलगाय आणि ब्रिसल वर्म तिच्याभोवती जमलेले, असं दिसलं की नळी पाण्याबाहेर काढून वास घ्या, सडका वास नाकात बसतो, शंका राहत नाही. लगेच बाहेर टाका, छोट्या टँकमध्ये एवढा मोठा वर्म सडला तर अमोनिया चढतो, त्या दिवशी २० टक्के पाणी बदला आणि फिल्टरमध्ये नवा ॲक्टिव्हेटेड कार्बन टाका. वास नसेल तर नळी होती तशी परत ठेवा, महिनाभर तरी. आणि नळी खरंच रिकामी, स्वच्छ निघाली तर फेकण्याआधी आसपासच्या दगडांच्या फटी टॉर्चने एकदा बघा, काही वर्म जुनी नळी सोडून शेजारीच नवीन बांधत बसलेले असतात.